‘मी फक्त काही करत नाही’, मग दोष कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : पूर्वी एखाद्या दुर्घटनेची बातमी वाचली की दिवसभर मन लागायचं नाही, आता बोट आपोआप पुढच्या बातमीकडे सरकतं. कार्यालयात वरिष्ठ एका सहकाऱ्याचा रोज सगळ्यांदेखत पाणउतारा करतात आणि तुम्ही सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून बसता. ‘मी कुणाचं वाईट करत नाही, मी फक्त काही करत नाही. मग नैतिक दोष नेमका कुठे आहे?’

मी मानसशास्त्रज्ञ आहे. माझं बरंचसं काम आयसीयू आणि अपघात विभागातल्या डॉक्टर-नर्सेसबरोबर चालतं. दुसऱ्याचं दुःख रोज जवळून पाहणं हा ज्यांच्या नोकरीचाच भाग आहे, अशी ही माणसं. ‘हल्ली काही वाटतच नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं मला आता नवल वाटत नाही. मी कान टवकारतो ते त्याच्या पुढच्या वाक्याला.

काही न वाटणं हा दोष नाही, हे आधी सांगून टाकतो. ते बऱ्याचदा आपल्या हातातही नसतं. समोरच्या दुःखाचा आकडा वाढला म्हणून आपली कणव त्या प्रमाणात वाढत नाही. पॉल स्लोविक या मानसशास्त्रज्ञाने आपल्या कारकिर्दीतली अनेक वर्षं याच प्रश्नाच्या अभ्यासात घालवली. एक चेहरा आपल्याला हलवतो, दोन झाले की पकड सैल व्हायला लागते आणि हजारांचा नुसता आकडा उरतो. २०१५ च्या सप्टेंबरात तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या एका चिमुकल्या सीरियन मुलाचा फोटो जगभर पसरला. युद्धात तोवर लाखो माणसं मेली होती, तो आकडाही छापून आलेला होता. पण त्या एका फोटोनंतर स्वीडनच्या रेड क्रॉसकडे सीरियन निर्वासितांसाठी रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या आठवडाभरात सुमारे १०० पटींनी वाढली. दीडेक महिन्यात ती पुन्हा जवळपास खाली आली. देणगी देणारी माणसं ढोंगी नव्हती. भावना तितकाच वेळ टिकते, इतकंच. तेव्हा बातम्या वाचून पूर्वीसारखं रडू येत नाही, या कारणासाठी स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. परदुःख शीतल, हे आपल्याकडे पूर्वीपासून म्हणतातच.

दोष सुरू होतो तो न वाटण्याला आपण जे कारण चिकटवतो तिथे.

१९६६ साली मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी एक प्रयोग केला. विद्यार्थिनींना एक दृश्य दाखवलं : त्यांच्यासारखीच एक मुलगी काहीतरी शिकायचा प्रयत्न करतेय आणि चुकली की तिला विजेचा झटका बसतोय. (झटके खोटे होते, बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं.) काही जणींना सांगितलं की पुढच्या भागात तुम्ही तिची सुटका करून तिला झटक्यांऐवजी बक्षीस मिळेल असं ठरवू शकता. जवळजवळ सगळ्यांनी ते ठरवलं. आणि त्यांना ती मुलगी ठीकठाक, चांगलीच वाटली. दुसऱ्या काही जणींना सांगितलं की हे असंच चालू राहणार, तुम्हाला यात काही करता येणार नाही. त्यांनी त्याच मुलीला कमी गुण दिले. ती त्यांना कमी आवडली, कमी आदरणीय वाटली. सर्वांत वाईट मत कुणाचं झालं असेल? ती मुलगी दुसऱ्यांच्या भल्यासाठी हा त्रास सोसतेय असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांचं.

हा निष्कर्ष पचायला जड आहे. मुलीने काहीच वाईट केलं नव्हतं. बघणाऱ्यांनीही नाही. पण निरपराध माणूस आपल्या डोळ्यांसमोर त्रास सोसतोय आणि आपण नुसते बसलोय, हे मनाला सहन होत नाही. परिस्थिती बदलता येत नसेल तर मन त्या माणसाबद्दलचं मत बदलतं. ‘जग एकंदरीत न्यायी आहे, त्यामुळे त्याच्या वाट्याला आलंय त्याला काहीतरी कारण असणारच.’ लर्नरला हा प्रश्न पडला तोही दवाखान्यातच : आपले चांगले, सहृदय सहकारी मनोरुग्णांनाच त्यांच्या आजाराबद्दल बोल लावतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

म्हणून ‘मी फक्त काही करत नाही’ हे तुमचं वाक्य मला खोटं वाटत नाही, पण ते फार दिवस खरं राहत नाही असं वाटतं. काही न करता नुसतं उभं राहणं ही अवघड जागा आहे. तिथे माणूस टिकत नाही. तो एकतर पुढे सरकतो, नाहीतर पडलेल्यात खोट काढायला लागतो. उदासीनतेतून तुच्छता येते, ती अशी. आणि तुच्छता एकदा आली की पुढच्या वेळी काहीतरी वाईट करणंही सोपं जातं, कारण ज्याच्याशी करायचं तो आधीच थोडा कमी माणूस झालेला असतो.

माझ्या कामात हे कानाने ओळखता येतं. ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते, त्याला हँडओव्हर म्हणतात. नवीन विभागात गेलो की मी काही दिवस फक्त तेच ऐकतो. ‘सात नंबर, पोटात दुखतंय म्हणते, रात्रीत तीनदा बेल वाजवली, पेनकिलर चार वाजता दिलंय.’ यात काही वावगं नाही. नंबर घेतला म्हणून कुणी निर्दय होत नाही, घाईच्या जागी नंबरच लागतो. ‘सात नंबर, नाटकं चाललीयत, बेल वाजवत बसते.’ इथे मी थांबतो. दुखणं गायब झालं आणि त्याच्या जागी स्वभाव आला. पुढच्या आठ तासांत त्या बाईने बेल वाजवली तर नवीन नर्सला तिचं पोट दिसणार नाही, नाटक दिसेल. आणि पोटात खरंच काही फुटत असेल तर तो धोका आता वैद्यकीय झाला. उदासीनतेने आधी नजर जाते, हे मी वाचून म्हणत नाही. ‘नेहमीचंच आहे तिचं’ म्हणून उशिरा पाहिलेला पेशंट ज्या विभागात कधीच निघाला नाही, असा विभाग मला माहीत नाही.

यावर नर्सेस मला एक प्रश्न हमखास विचारतात, आणि तो योग्य आहे : मन घट्ट केल्याशिवाय हे काम करायचं कसं? प्रत्येकाबरोबर रडत बसलो तर महिन्याभरात आम्हीच भरती होऊ. बरोबर आहे. पण मन घट्ट करणं आणि उदासीन होणं यांत मला स्पष्ट फरक दिसतो. जखम साफ करताना हात न थरथरणारी सिस्टर आणि जखम बांधायला न फिरकणारी सिस्टर, दोघींच्याही चेहऱ्यावर काही दिसत नाही. लायप्झिगच्या माक्स प्लांक संस्थेत तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेत्स्की यांनी याबद्दल उपयोगी काम केलंय. दुसऱ्याचं दुःख स्वतःत जसंच्या तसं अनुभवायचा सराव लोकांना दिला, तर ते अधिक खिन्न होतात. त्यांनाच नंतर करुणेचा, म्हणजे ‘याचं बरं होवो’ या इच्छेचा सराव दिला, तर मनाला उभारी येते आणि मेंदूतला वेगळा भाग कामाला लागतो. तेव्हा फार वाटून घेतल्याने माणूस खचतो, हे खरं. पण त्यावर वाटणंच बंद करणं हा एकच उपाय नाही.

आता तुमच्या कार्यालयाकडे वळतो. तिथे मला एक वेगळी गोष्ट दिसते. तुम्ही सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालता तेव्हा तुम्हाला काही वाटत नसतं, यावर माझा विश्वास नाही.

१३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोवीज या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी खिडकीतून पाहिलं आणि कुणी बोटही हलवलं नाही, अशी बातमी आली आणि ती शहरी उदासीनतेची जगप्रसिद्ध कथा झाली. ती कथा बरीच फुगवलेली होती, हे नंतर उघड झालं. बहुतेकांनी फार तर किंचाळी ऐकली होती, प्रकार काय आहे ते अगदी थोड्यांना कळलं होतं आणि एक शेजारीण तर स्वतः धावत खाली गेली आणि शेवटपर्यंत तिला कवेत धरून बसली. ‘माणसं अशीच असतात, कुणी येत नाही’ ही समजूत मात्र मागे राहिली, आणि काही न करणाऱ्याला तीच फार सोयीची पडते. प्रत्यक्षात ॲम्स्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन इथल्या रस्त्यावरच्या भांडणांची सीसीटीव्ही चित्रणं संशोधकांनी तपासली, २१९ प्रसंग. दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता.

त्या खुनानंतर जॉन डार्ली आणि बिब लताने यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तुमच्या जास्त कामाचा आहे. इंटरकॉमवर बोलताना पलीकडच्या माणसाला फिट येते. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत मदतीला उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त ३१ टक्के. इतकं सगळीकडे सांगितलं जातं. पुढचं कमी सांगितलं जातं : जे उठले नाहीत त्यांच्या खोलीत संशोधक गेले, तेव्हा त्यांचे हात कापत होते, तळव्यांना घाम होता. ‘तो बरा आहे ना? कुणी बघतंय ना त्याला?’ असं ते विचारत होते. ही माणसं उदासीन अजिबात नव्हती. ती अडकलेली होती.

तुमचं कार्यालय तसंच अडकलेलं असणार. प्रत्येक जण बाकीच्यांच्या निर्विकार चेहऱ्याकडे बघून ठरवतोय की प्रकरण इतकं गंभीर नसावं. बाकीचेही तुमच्या चेहऱ्याकडे बघून तेच ठरवताहेत. पहिल्या आठवड्यात हा नुसता संकोच असतो. सहाव्या महिन्यात जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणतं, ‘तोही जरा तसाच आहे, कामात ढिला’, आणि सगळ्यांना हायसं वाटतं. लर्नरच्या प्रयोगातला झटका तिथे बसला. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे हे वाक्य उच्चारून झालंय. तपासून बघा.

घाईबद्दलही दोन शब्द. १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी दुसऱ्या इमारतीत जाऊन भाषण द्यायला सांगितलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. काही जणांचा भाषणाचा विषयच ‘वाटेत पडलेल्याला मदत करणारा परका’ ही बायबलमधली दृष्टान्तकथा होता. विषयाने फारसा फरक पडला नाही. घाईने पडला. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. हे वाचून मला त्या विद्यार्थ्यांचा राग येत नाही. पण स्वभावाच्या बळावर विसंबून राहू नये, इतकं त्यातून घेण्यासारखं आहे. ज्या रुग्णालयात एका नर्सकडे तिला पेलतील त्याच्या दुप्पट पेशंट दिलेत, तिथे करुणेवर व्याख्यान ठेवणाऱ्यांना मी नकार देतो. आधी माणसं वाढवा म्हणतो.

संस्थांची उदासीनता हा याचाच पुढचा टप्पा, आणि तिथे तर कुणाला मन घट्ट करायचीही गरज पडत नाही. कागद पुढे सरकवले की झालं. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९३२ मध्ये अलाबामातल्या टस्कीगी इथे सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. तो उपचाराविना कसा वाढतो ते पाहायचं होतं. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही. १९४०च्या दशकात पेनिसिलिन हा सिद्ध उपचार झाला, तोही दिला नाही. अभ्यास १९७२ पर्यंत चालला, ४० वर्षं. कुणाला वाटेल, हे गुप्त असणार. तर नाही, त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत वेळोवेळी छापून येत होते. डॉक्टर ते वाचत होते. पीटर बक्स्टन या आरोग्य सेवेतल्याच कर्मचाऱ्याने १९६६ मध्ये आतून आक्षेप घेतला, त्यावर १९६९ मध्ये तज्ज्ञ बसले आणि अभ्यास चालू ठेवायचं ठरलं. शेवटी त्याने वृत्तपत्रांकडे माहिती दिली तेव्हा तो थांबला. इतक्या सगळ्या वाचकांपैकी बहुतेक जण क्रूर नव्हते. त्यांच्यापुढे आलेल्या कागदावर माणसं नव्हती, ‘उपचार न घेतलेला गट’ होता.

१९३८ च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश जमले, नाझी राजवटीतून पळणाऱ्या ज्यूंना कुठे ठेवायचं ते ठरवायला. सहानुभूती भरपूर व्यक्त झाली, दारं जवळपास कुणीच उघडली नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधीचं म्हणणं मला विसरता येत नाही : आमच्याकडे वंशाचा प्रश्न नाही, तो आयात करायची आमची इच्छा नाही. हेच ते चिकटवलेलं कारण. घर हरवलेला माणूस एका वाक्यात ‘प्रश्न’ झाला. पुढच्या वर्षी ९३७ प्रवाशांचं ‘सेंट लुईस’ जहाज क्यूबाने आणि अमेरिकेने परत पाठवलं, आणि त्यातले २५४ जण पुढे नरसंहारात मारले गेले.

एक आक्षेप राहतो, तो तुम्ही घेतला नसला तरी दुसरं कुणी घेईल. काही लोक खरोखरच स्वतःच्या करणीने दुःखात पडतात, मग? पडतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशंटने आयुष्यभर सिगारेट ओढलेली असते आणि तुमचा सहकारी खरंच कामात ढिला असू शकतो. त्याच्या ढिलेपणाचा हिशेब कामाच्या मूल्यमापनात करा. चारचौघांत होणाऱ्या पाणउताऱ्याचा हिशेब वेगळा ठेवा. ही दोन खाती एकत्र केली की कुणाच्याही वेदनेला कारण सापडतं, कारण ज्याच्यात काहीच खोट नाही असा पेशंट मी तरी अजून पाहिलेला नाही.

करायचं काय, ते आता सांगतो. यातलं पहिलं माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं आहे आणि त्याला काही लागतही नाही. मदत केली नाहीत तर खरं कारण स्वतःला सांगा. ‘मी थांबलो नाही, कारण मला उशीर होत होता.’ ‘मी बोललो नाही, कारण मला बढती हवी आहे.’ हे टोचेल. टोचू द्या. ‘तो दारू प्यायला असेल’ म्हणालात की टोचणी जाते आणि तिच्याबरोबर पुढच्या वेळी थांबायची शक्यताही जाते. नर्सेसना मी हेच करायला लावतो : ‘नाटकी’ लिहायचं नाही, ‘मी दमले होते, दोनदा गेले नाही’ असं वहीत लिहायचं. आधी त्या रागावतात. नंतर वहीत जे साचतं ते घेऊन काही जणी वरिष्ठांकडे जास्तीचे कर्मचारी मागायला जातात.

सहकाऱ्यासाठी तुम्ही उभं राहून भाषण करावं असं मी म्हणणार नाही. वरिष्ठांच्या हातात तुमची नोकरी असते, मी तिची हमी देऊ शकत नाही. पण प्रसंग संपल्यावर त्याच्या टेबलाशी जा आणि म्हणा, ‘आत्ता जे झालं ते मला बरोबर वाटलं नाही.’ छळल्या गेलेल्या लोकांकडून मी ऐकलंय ते असं, की पाणउतारा ते कसाबसा सोसतात, त्यानंतर खोलीत काही घडलंच नसल्यासारख्या चालणाऱ्या गप्पा सोसवत नाहीत. कुणी पाहिलंच नाही की काय, अशी शंका यायला लागते. मग दुसऱ्या एका सहकाऱ्याला एकट्यात गाठून तेच सांगा. घोळक्याला उद्देशून बोलू नका, कुणीच हलणार नाही. नाव घेऊन एकाला विचारा. दोघं झालात की तारखा टिपून ठेवा आणि तक्रारीची जी अधिकृत वाट असेल तिथे एकत्र जा.

बातम्यांचं उलट करा. कमी वाचा. सगळ्या जगाचं दुःख रोज सकाळी चाळल्याने कुणाचंच भलं होत नाही आणि बोट मात्र सराईत होतं. एक विषय निवडा, त्याला पैसे किंवा वेळ ठरवून द्या, आणि भावना ओसरली तरी देत राहा. फोटोवर विसंबून राहिलात तर दीड महिन्यात थांबाल. ठरवून दिलेली रक्कम तुमच्या मनःस्थितीची वाट बघत नाही.

आणि एक गोष्ट मी दुरून तपासू शकत नाही. काही न वाटणं फक्त परक्यांच्या बाबतीत आहे, की घरच्यांचं आजारपण, आवडीची कामं, स्वतःचा वाढदिवस, सगळंच सपाट झालंय? झोप आणि भूक बिघडलीय का? तसं असेल आणि दोन-तीन आठवडे चालू असेल, तर वर लिहिलेलं सगळं तूर्त बाजूला ठेवा. ते नैराश्य किंवा अति कामाचा थकवा असू शकतो, त्यावर उपचार आहेत. तेव्हा आधी डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची वेळ घ्या. सहकाऱ्याच्या टेबलाशी नंतर जाता येईल.